टॉवेलच्या गावात प्रोसेसर पुसताना

संगणकातला कूलर वर ओढला आणि प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, त्याच्या बुडाला चिकटून बोर्डावरच्या सॉकेटमधून उपटून आला. सॉकेटची कडी अजून खालीच होती. मेथीची जुडी मुळासकट निघावी तसा तो निघाला. उलटा करून बघितलं तर १३३१ सोनेरी पिनांचं शेत, आणि एका कोपऱ्यातल्या तीन पिना शेजारणींच्या अंगावर कललेल्या.

बाहेरच्या खोलीतून आईने विचारलं, "काय झालं रे?"

"कूलर उपटून आला."

"मग आधी पाणी काढून ठेवायचं की."

आमच्या घरात कूलर म्हणजे खिडकीतला. एप्रिलमध्ये सोलापुरात तो दिवसाला दोन-तीन बादल्या पाणी पितो. प्रोसेसरवर बसवलेल्या पंखा-हीटसिंकलाही (हीटसिंक म्हणजे उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) कूलरच म्हणतात हे तिला सांगितलं, तर तिचा पुढचा प्रश्न, "त्याला पण पाणी लागतं होय?" काहींना लागतं. पण ते समजावत बसायची ती वेळ नव्हती.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात, आणि पलीकडच्या भिंतीला लागून टॉवेलचे माग. सकाळी सुरू झालेली खडखड रात्रीच थांबते; थांबली की उलट झोप लागत नाही. मी टॉवेलची जकार्ड, म्हणजे विणीतच उमटणारी, डिझाइनं करतो, आणि गिऱ्हाइकाला पाठवायला त्यांची थ्रीडी चित्रं रेंडर करतो, म्हणजे संगणकाकडून तयार करून घेतो. संगणक २०१८ चा, त्यातला प्रोसेसर रायझन ३ २२०० जी. सहा वर्षं त्याने बिनतक्रार काढली. या उन्हाळ्यात मात्र रेंडर लावला की पंखा विमानासारखा ओरडायचा, तापमान ९५ अंशांना टेकायचं आणि मग सगळं रांगायला लागायचं. ९५ ही या प्रोसेसरची वरची हद्द. तिथे पोहोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. मला वाटलं, प्रोसेसर म्हातारा झाला. म्हणून वापरलेला रायझन ५ ३४०० जी शोधला. तोही याच सॉकेटमध्ये बसणारा, चार कोर पण आठ थ्रेडचा, म्हणजे एका वेळी आठ कामं हाकणारा. बोर्ड जुना असल्यामुळे त्याला नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून आधी त्याचं बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, अपडेट करून घेतलं. ते काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं असतं, एवढं शहाणपण मी दाखवलं होतं.

पुढचं शहाणपण दाखवलं नाही. कूलर काढण्याआधी संगणक दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करायचा, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता वाहून न्यायला लावलेली, आता सुकलेली पेस्ट सैल पडते. मग बंद करून, वायर काढून, चारही स्क्रू थोडे थोडे ढिले करायचे आणि कूलर जागच्या जागी डावी-उजवीकडे किंचित पिळून वर घ्यायचा. या जातीच्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूने धरून ठेवतं. वरून दाबून ठेवणारी चौकट नसते. त्यामुळे सरळ ओढलं की सुकलेली पेस्ट जिंकते. इंटेलच्या त्या काळातल्या सॉकेटांना वरून लोखंडी चौकट असते, तिथे हा अपघात होत नाही. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी नवी पेठेतल्या मोबाइलचे पार्ट विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलं, तेही हसत हसत.

आता चिकटलेली जोडी सोडवायची कशी? स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह झाला होता. वहिनीचा हेअर ड्रायर हीटसिंकवर दोन मिनिटं धरला, तरी हलेना. आई शेजारी येऊन उभी होती. तिने तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग आणि घडीचं काम केलंय. म्हणाली, "दोरा घाल की मधून." शिलाईचा नायलॉनचा दोरा घेतला, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या फटीत कोपऱ्यातून सरकवला आणि साबणाची वडी कापतात तसा मागे-पुढे ओढत नेला. मी प्रोसेसर फक्त कडांना धरून होतो. अर्ध्यावर गेल्यावर हलकासा 'टक्' झाला आणि दोघं सुटले.

आणि तेव्हा हीटसिंक पहिल्यांदाच नीट दिसला. पंख्याचे चार स्क्रू काढले तर खाली ॲल्युमिनियमच्या पात्या दिसायच्या ऐवजी सरळ गोधडी. बोटाने टोक धरलं आणि ती अख्खी वडीसारखी उचलून निघाली, बोटाच्या पेरभर जाड. गंमत म्हणजे तिला थर होते. सगळ्यात खाली मळकट पांढरा, वर फिक्कट गुलाबी, त्यावर निळा, मग पुन्हा पांढरा. शेजारी ज्या रंगाच्या टॉवेलची ऑर्डर चालू होती, त्या रंगाचं तूस त्या त्या महिन्यात माझ्या संगणकाने ओढून घेतलं होतं. आईने तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा निळा तर दिवाळीच्या आधीचा," म्हणाली.

म्हणजे प्रोसेसर म्हातारा वगैरे काही झाला नव्हता. त्याला श्वास घ्यायला जागाच नव्हती. पण ३४०० जीचे पैसे देऊन झाले होते, त्यामुळे हा विचार मी मनात फार वेळ ठेवला नाही.

तो ३४०० जी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने एका मित्राच्या शर्टाच्या खिशातून आला होता. मोबाइलच्या खोक्यात, फोमवर पिना रोवून. विकणाऱ्याने 'सगळं ओके' लिहिलं होतं. वर राखाडी पेस्टचा थर, चार बोटांनी लिंपल्यासारखा, धातूच्या झाकणावरून ओघळून खालच्या हिरव्या पट्टीवर गेलेला. आणि एका बाजूला पिनांच्या दोन-तीन ओळींमध्ये तीच पेस्ट भरलेली. बहुतेक मागच्या मालकानेही माझ्यासारखाच पराक्रम केला असावा आणि मग पेस्टच्या बोटांनीच उलटा धरला असावा.

यात एक गोष्ट मला उशिरा सुचली. प्रोसेसरचं नाव त्या झाकणावर कोरलेलं असतं, आणि नेमकं तेच पेस्टखाली होतं. मला पाठवलेल्या फोटोतही पेस्टच होती. म्हणजे मी २२०० जीच्या बदली पुन्हा २२०० जीच विकत घेतलेला असू शकत होतो. वापरलेला प्रोसेसर घेणाऱ्याने आधी पुसलेल्या झाकणाचा फोटो मागावा. मी मागितला नव्हता.

पुसायचा पहिला प्रयोग जुन्या २२०० जीवर केला. हात बसवायला तो बरा. कोरोनाच्या काळातली सॅनिटायझरची अर्धी बाटली कपाटात होती. तिच्यावर आयसोप्रोपाइल लिहिलं होतं, आणि सगळे तेच वापरायला सांगतात. फडक्याची तर आमच्याकडे टंचाई नाही. कारखान्यातले कट-पीस टॉवेल घरात पोत्याने असतात. टॉवेलवर सॅनिटायझर घेतलं आणि घासलं. पेस्ट निघाली. झाकण चमकलं. उजेडात तिरकं धरलं तर वर तेलकट इंद्रधनुष्य, आणि त्या तेलकटपणात चिकटलेले बारीक पांढरे तंतू, नुकत्याच दाढी केलेल्या गालावर राहतात तसे.

चूक दोन्हीकडे होती. हातांना लावायच्या सॅनिटायझरमध्ये कातडी कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरीन घालतात आणि बाकी बरंच पाणी असतं. अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरीन मागे राहतं. आणि टेरी टॉवेल म्हणजे मुळात धाग्याचे उभे फासे. पाणी शोषायचा त्याचा गुण या फाशांमध्येच आहे, आणि तूस सोडायचा अवगुणही. ज्या कापडावर या गावाचं पोट चालतं, जे २००५ नंतर चादरीच्या जोडीने भौगोलिक मानांकन मिरवतं, ते या कामाला नेमकं सगळ्यात वाईट.

नवी पेठेतल्या त्या दुकानात गेलो. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मागितलं की मोबाइल दुरुस्तीवाले लगेच समजतात. ९९ टक्क्यांचं, शंभर मिलीची बाटली. मेडिकलमध्ये मिळतं ते स्पिरिटही चालून जातं असं काही जण म्हणतात, पण त्यात काय काय मिसळलंय हे बाटलीवर नीट वाचल्याशिवाय मी घेणार नाही. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन तर नकोच. त्यात तेल आणि वास मिसळलेला असतो, आणि ते प्लास्टिक खातं. फडक्याचं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "टॉवेल सोडून काहीही वापरा ओ. परदेशात कॉफी फिल्टर वापरतात." आमच्या गल्लीत कॉफी फिल्टर म्हणजे स्टीलचं दोन मजली भांडं. आम्ही दोघंही हसलो. शेवटी त्यानेच सांगितलं, चष्म्याच्या डबीत जे मऊ कापड येतं ते घ्या. घरात तीन चष्मे आहेत. आईचं कापड तिने दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बसलो. दुपारी छताचा पंखा बंद करून बसायची सोय नाही, आणि पंखा चालू ठेवला की तूस उडतं. खिडकी उघडी ठेवली, कारण आयपीएचा वास डोक्यात जातो आणि ते पेट्रोलसारखंच पेट घेतं. स्वयंपाकघरातला गॅस बंद असल्याची खात्री केली. टेबलावर टॉवेल अंथरायची सवय इतकी अंगात मुरलेली, की अंथरला आणि उचलला. त्याऐवजी कोरा कागद. उन्हाळ्यात आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते की प्लास्टिकच्या खुर्चीतून उठताना ठिणगी बसते, म्हणून अंगातली वीज उतरवायला कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला अधूनमधून हात लावत होतो. वायर लावलेली, बटण बंद.

आधी कोरडं काम. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने जाड पेस्ट खरवडली. ब्लेड, चाकू, पातळ पत्रा यातलं काही नाही. झाकणावरचा निकेलचा मुलामा ओरखडतो. कार्ड बाहेरून मध्याकडे ओढायचं, मध्यातून बाहेर ढकलायचं नाही, नाहीतर सगळी घाण कडेवरून खाली उतरते. मग कापडाच्या कोपऱ्यावर आयपीएचे तीन-चार थेंब, झाकणावर ठेवून दहा सेकंद थांबायचं आणि मग पुसायचं. थांबणं महत्त्वाचं. घासण्यापेक्षा भिजवण्याने जास्त निघतं, हे भांडी घासणाऱ्या कुणालाही माहीत आहे. पहिल्या फेरीला कापड काळं. दुसऱ्या फेरीला राखाडी. तिसऱ्या फेरीला अक्षरं उमटायला लागली. आधी 'रायझन', मग त्याखालचा आकडा. ३४०० जी. मी मोठ्याने वाचला. आई म्हणाली, "बरं झालं."

कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत थोडी राखाडी रेघ राहिली. ती राहू दिली. तिने काही बिघडत नाही, आणि अक्षरं पुसट करून घेण्यात शहाणपण नाही. झाकण आणि हिरव्या पट्टीच्या फटीतली पेस्ट काढायला सुई घेणार होतो. मग खराट्याचा हीर घेतला, त्याचं टोक दाताने चावून मऊ केलं, आयपीएत बुडवलं आणि फटीतून फिरवलं. धातू नाही, त्यामुळे घसरला तरी काही कापलं जात नाही.

पिनांचं काम खरं नाजूक. काचेच्या बशीत अर्धा सेंटीमीटरपेक्षाही कमी आयपीए ओतलं, फक्त पिना बुडतील एवढं, आणि प्रोसेसरची ती बाजू पाच मिनिटं भिजत ठेवली. प्रोसेसर पालथा बशीत टेकवायचा नाही, कडा धरून तिरका ठेवायचा. मग पोराचा दात घासायचा मऊ ब्रश, अर्थात नवा. पिनांच्या ओळी जशा जातात तशाच दिशेने ब्रश ओढायचा. आधी आडव्या ओळीने, मग उभ्या. तिरका किंवा गोल फिरवला की पिना वाकल्याच समजा. साध्या पांढऱ्या-राखाडी पेस्टमधून वीज जात नाही, त्यामुळे थोडी राहिली तर शॉर्ट होईल ही भीती नसते. पण मागच्या मालकाने कुठली लावली होती कुणास ठाऊक, धातूची पूड असलेल्याही मिळतात. शिवाय पेस्ट सॉकेटच्या भोकात गेली तर तिथे पिनेला नीट टेकू मिळत नाही, आणि सॉकेट असं बशीत भिजवता येत नाही. तीन वेळा भिजवला, तीन वेळा ब्रश. मग उन्हात नाही, सावलीत कागदावर झाकण खाली करून अर्धा तास ठेवला. आयपीए ८२ अंशांना उकळतं आणि एप्रिलच्या हवेत मिनिटभरात उडून जातं, पण झाकणाच्या फटीत राहिलेल्या थेंबावर माझा विश्वास नव्हता.

मधल्या वेळात २२०० जीच्या वाकलेल्या पिना. मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून बघत होतो, तर आईने चष्मा लावला, मान तिरकी केली आणि ओळीच्या टोकाकडून, जवळजवळ टेबलाच्या पातळीवरून पाहिलं. "हे तीन. आणि त्या बाजूला चौथा आहे, तो तुला दिसला नाही." खरंच होता, अगदी किंचित कललेला. टॉवेलच्या हजारभर उभ्या धाग्यांत एक तुटलेला असला तर तो वरून दिसत नाही, कडेने बघायचा असतो, म्हणे. जाड शिशाची मेकॅनिकल पेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं, पोकळ टोक पिनेवर सरकवलं आणि एकेक पिन हळूच उभी केली. एका झटक्यात सरळ करायला गेलं तर मोडते. थोडी उभी करायची, कडेने बघायचं, अजून थोडी. चार पिनांना वीस मिनिटं लागली. त्यातली शेवटची आईने केली, मी फक्त टॉर्च धरला.

हीटसिंकचं बूडही तसंच पुसलं. पात्यांमधलं उरलेलं तूस ब्लोअरने गच्चीवर जाऊन उडवलं, पंखा बाजूला ठेवून. पंख्यावर थेट ब्लोअर मारायचा झाला तर पातं बोटाने धरून ठेवावं. हवेने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंगची वाट लागते. आणि स्क्रूने आवळायच्या कूलरची एक खोड लक्षात ठेवा. चारही स्क्रू सुटले की बोर्डामागची लोखंडी पट्टी मोकळी होते. माझी खाली पडली आणि कॅबिनेटच्या आत घरंगळली. पंधरा मिनिटं ती शोधण्यात गेली.

३४०० जी सॉकेटमध्ये ठेवला. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणावर. कडी वर असेल तर तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. दाबावा लागत असेल तर काहीतरी चुकलंय. बसला. कडी खाली.

पेस्ट किती, यावर जगात जेवढी मतं आहेत तेवढी सोलापुरात शेंगाचटणीवर नसतील. मला हरभऱ्याच्या डाळीएवढी मध्ये आणि त्याहून बारक्या चार टिकल्या कोपऱ्यांकडे, हे पटलं. कारण साधं आहे. झाकण आणि हीटसिंक डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण दोन्हींवर बारीक खड्डे असतात आणि त्यांत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्यात हवेचा आकडा ०.०२६, ॲल्युमिनियमचा २०० च्या वर, आणि बऱ्या पेस्टचा ४ ते ८. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी आणि धातूपेक्षा कितीतरी वाईट. खड्डे बुजण्यापुरती लागते. जास्तीची म्हणजे मध्ये घातलेली गोधडी, आणि गोधडी मी नुकतीच काढली होती.

संगणक सुरू झाला, नवा प्रोसेसर दिसला, आणि रेंडर लावला. तापमान ८९. पाच मिनिटं मी नुसताच आकड्याकडे बघत बसलो. मग यावेळी शहाण्यासारखं, संगणक गरम असतानाच बंद करून, कूलर पिळून काढला. पेस्टचा ठसा सगळं सांगत होता. एका कोपऱ्यात पेस्ट पातळ, जवळजवळ पारदर्शक. समोरच्या कोपऱ्यात जाड, मूळ टिकलीचा आकार अजून तसाच. मी एका बाजूचे दोन स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलो होतो. आणि त्या जाड कोपऱ्यात, पेस्टमध्ये वेटोळं घालून, एक पांढरा धागा. कुठून आला? माझ्या बनियनच्या बाहीचा. ते बनियनही कट-पीसमधलंच.

पुन्हा सगळं पुसलं. शर्ट घातला, पॉलिस्टरचा, लग्नातला. यावेळी स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, प्रत्येकाला दोन-दोन आटे, आळीपाळीने, जीपच्या चाकाचे नट आवळतात तसे. रेंडर लावला. खोलीत ३६ अंश होते. रिकामा असताना ४६, आणि अर्ध्या तासाच्या रेंडरनंतर ७७. पंख्याचा आवाज मागांच्या खडखडीत ऐकू येईना.

२२०० जी पुतण्याच्या संगणकात बसवला. चारही सरळ केलेल्या पिना सॉकेटमध्ये गेल्या आणि तो चालू झाला. त्यानंतर आई आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "संगणकातली तार मी सरळ केली."

कॅबिनेटच्या हवा आत घेणाऱ्या बाजूला आता मच्छरदाणीची जाळी चिकटवली आहे, आतून चुंबकाच्या पट्टीने, म्हणजे काढून झटकता येते. परवा काढली. तिच्यावर पोपटी थर होता, अजून पातळ, बोटाने ओढला तर अख्खा निघणारा. शेजारी कुठलीतरी नवी ऑर्डर आलेली दिसते.